ऐकणाऱ्याची भीती

राम जोशी तमाशाच्या फडात जाऊन बसू लागले म्हणून थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही सोलापूरची गोष्ट. घर वेदशास्त्र सांगणारं, भाऊ मुद्गल पुराणिक, आणि धाकटा राम धोंडीबा शाहिराच्या नादी लागून लावण्या रचतोय. घर सुटल्यावर ते पंढरपूरला गेले, संस्कृत शिकले, पुढे कीर्तनंही केली, मोरोपंतांच्या आर्या गावोगाव नेल्या. पण लावणी सुटली नाही. मराठी, संस्कृत, कानडी, हिंदुस्थानी अशा भाषा त्यांनी एकाच लावणीत नांदवल्या. सोलापूरच्या माणसाला त्याचं नवल नाही. बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी अर्ध्या तासात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू कानावरून जातात.

मी शाळेत मराठी शिकवते. शाहिरी कवितेचा धडा आला की ही गोष्ट मुलांना सांगते आणि दर वेळी एका जागी थांबते. राम जोशींच्या घराला शृंगार काही नवा नव्हता. संस्कृत काव्यं शिकणाऱ्या घरांत नायिकेच्या अंगप्रत्यंगाची वर्णनं तोंडपाठ असत, त्यांच्यावर टीका लिहिल्या जात, आणि त्यापायी कुणाचं घर सुटल्याचं ऐकिवात नाही. तोच शृंगार मराठीत उतरला, डफ-तुणतुण्यावर चढला, चावडीपुढे जमलेल्या हमालांच्या, शिपायांच्या, बाजारकरी बायाबापड्यांच्या कानी पडला, तेव्हा मात्र घराण्याची अब्रू गेली. विषय तोच होता, श्रोते वेगळे होते.

बंदीच्या जुन्या-नव्या हकिकती वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसत गेलं आहे. नवं माध्यम आलं की समाज घाबरतो असं आपण म्हणतो. पण यंत्राला, कागदाला, पडद्याला कोण घाबरतं? भीती असते ती त्या यंत्रासमोर येऊन बसणाऱ्या माणसाची. जो आजवर आपल्यामार्फतच ऐकत होता, तो आता परस्पर ऐकणार, परस्पर बघणार, याची. बंदी मागणारा कधीच म्हणत नाही की हे पाहून मी बिघडेन. तो म्हणतो, मला समजतं हो, पण त्यांना समजणार नाही. या ‘त्यां’च्या जागी काळाप्रमाणे माणसं बदलत गेली. बायका, गिरणी कामगार, निरक्षर, खेडवळ, कॉलेजातली पोरं, आता शाळेतल्या मुली.

छपाईचंच घ्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना चालवला तेव्हा छापील पोथीला हात लावायला सोवळी मंडळी तयार नव्हती. शाईत चरबी असते, विटाळ होतो. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरलं आणि १८४१ मध्ये मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. तुपाने सोवळ्याचा प्रश्न सुटला. पण तिथी-वार सांगायला दारी येणाऱ्या जोशीबुवांचा प्रश्न त्याच पंचांगाने उभा केला, कारण अक्षर ओळखणाऱ्या कुणालाही आता एकादशी कधी ते घरबसल्या दिसणार होतं. त्याच शतकात बाई शिकली तर तिने लिहिलेल्या अक्षरांच्या अळ्या होतात आणि त्या नवऱ्याच्या ताटात पडतात, असंही बोललं जायचं. ताट नवऱ्याचं आणि अळ्या बायकोच्या अक्षरांच्या! किती स्पष्ट भीती आहे ती. पुरुषाच्या अक्षरांच्या अळ्या झाल्याचं कुणी म्हटलं नाही.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते मासिक चालवलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं. वैद्यकाच्या जाड पुस्तकांत याहून जास्त काही छापलेलं असेल, पण ते डॉक्टरांसाठी. कर्वे मराठीत लिहीत होते आणि कुठल्याही घरातल्या बाईला समजेल असं लिहीत होते. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर एकाहून अधिक वेळा झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला कर्वे हरले. निकालापेक्षा मला ती जोडगोळी महत्त्वाची वाटते: आपल्याच शरीराविषयी वाचण्याचा अधिकार बाईला आहे असं मानणारा एक प्राध्यापक, आणि कुणाला काय वाचू द्यायचं नाही हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला जन्मापासून ओळखणारा एक बॅरिस्टर.

आमच्या घरात सिनेमा आजोबांचा होता. ते नरसिंग गिरजी गिरणीत कामाला होते. पगार झाला की मित्रांबरोबर टॉकीजला जायचे आणि येऊन आजीला गोष्ट सांगायचे. आजीने स्वतः जायचं नाही. “बाईमाणसाचं डोकं फिरतं अंधारात बसून,” असं ते म्हणत, आणि आजी सांगायची की ते अगदी काळजीच्या सुरात म्हणत, त्यात राग नसायचा. संतपट आल्यावर वाट मोकळी झाली. चाळीतल्या सगळ्या बायका मिळून गेल्या. आजीने चपला बाहेर काढल्या होत्या आणि पडद्यावर विठ्ठल आला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले होते. आजोबांनी विचारलं, “कसा वाटला?” आजी म्हणाली, “तुम्ही सांगत होता त्यात ती बायको नव्हतीच की.” तुकारामाची बायको. आजोबांनी गोष्ट सांगताना आवली गाळली होती. मुद्दाम गाळली असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या नजरेत ती भरलीच नसावी. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला सिनेमा आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेला सिनेमा यांत काय फरक असतो, हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं नेमकं सांगितलेलं नाही.

आजोबांना जी काळजी आजीची होती, तीच सरकारला आजोबांची होती. १९१८ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा आला. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे तपासणी मंडळं नेमली गेली. इंग्रज अधिकाऱ्यांना विशेष धास्ती अमेरिकन चित्रपटांची होती. त्यांतल्या गोऱ्या बायका नाचतात, चुंबन घेतात. हे पाहून एतद्देशीयांच्या मनात गोऱ्यांविषयी असलेला धाक ओसरेल. पुस्तक वाचायला अक्षर लागतं, सिनेमाला लागत नाही, ही खरी अडचण होती. १९२७ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. देशभर फिरून तिने ३५३ साक्षी घेतल्या, त्यांत दादासाहेब फाळकेही होते. पुढच्या वर्षी अहवाल आला. सिनेमाने लोक बिघडल्याची जी ओरड चालली होती तिला पुरेसा आधार समितीला दिसला नाही. तपासणी मात्र चालूच राहिली.

या तपासणीने आधीच आपला हेतू दाखवला होता. १९२१ मध्ये ‘भक्त विदुर’ हा मूकपट आला. गोष्ट महाभारतातली, पण विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी होती. मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली. त्याच्याही आधी खाडिलकरांचं ‘कीचकवध’. नाटक १९०७ चं. द्रौपदी कोण, कीचक म्हणजे कर्झन आणि मवाळ युधिष्ठिर म्हणजे कोण, हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. १९१० मध्ये ते बंद केलं गेलं. या दोन उदाहरणांपाशी ‘त्यांना समजणार नाही’ हे कारण कोसळतं. समजत नव्हतं म्हणून कुणी कीचकवध थांबवला नाही. फार चांगलं समजत होतं, म्हणून थांबवला.

आणि सोलापूरला हे वेगळं सांगायला नको. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. नगरपालिकेवर तिरंगा फडकला होता, गिरण्यांतला कामगार रस्त्यावर आला होता, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली होती. लष्कर आल्यावर झेंडा गुन्हा ठरला, डोक्यावरची पांढरी टोपी गुन्हा ठरली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा पुतळ्यापाशी दर वर्षी आम्ही मुलांना नेतो आणि चारही नावं म्हणून घेतो. कुर्बान हुसेन यांच्याविषयी मी एक गोष्ट जास्तीची सांगते: ते गिरणी कामगारांत वावरणारे होते आणि ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत होते. विशीतला तरुण, हातात एक लहानसं पत्र. मुलांना आज फोनवर काहीतरी लिहून चार लोकांपर्यंत पोचवावंसं वाटतं, त्या वयातली ती गोष्ट आहे. मुलं तेव्हा नीट ऐकतात.

स्वातंत्र्य मिळालं म्हणून ही काळजी गेली नाही, फक्त काळजी करणारे बदलले. आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती, ती १९७१ पर्यंत पूर्ण उठली नव्हती. श्रुती लागत नाहीत, हे कारण शास्त्राचं होतं. पण ज्या देशात कीर्तनकार, भजनी मंडळ, तमाशाचा फड आणि शाळेचं गॅदरिंग पेटीवर चालतं त्या देशाच्या रेडिओवर पेटी नव्हती. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, संगीत मनापासून जाणणारा माणूस. शास्त्रीय गायन घराघरात नेण्यासाठी त्यांनी जे केलं त्याचं ऋण मी मानते. पण लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ बाहेर घालवलं. लोकांनी मोर्चा काढला नाही. काटा फिरवला. सिलोन केंद्रावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ अमीन सायानींची झाली. माझी आई सांगायची, गल्लीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर बुधवारी जागा मिळायची नाही. आत तेलुगू बोलणारे घरवाले, ओट्यावर आम्ही, आणि गाणं सगळ्यांना पाठ. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीने ती गाणी पुन्हा घरात घेतली. मधल्या पाच वर्षांत बिघडलेला एकही श्रोता माझ्या पाहण्यात नाही. आईला त्या गाण्यांतून हिंदी आलं आणि पुढे तपकिरी कव्हरच्या वहीत तिने दोनशेहून जास्त गाणी शुद्ध अक्षरात उतरवून ठेवली. चौथीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. त्या वहीने तिचं लिहिणं टिकवलं.

टीव्ही, व्हिडिओ, केबल यांच्या वेळची बोलणी आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली आहेत. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचा, रात्रभर तीन सिनेमे बघायचे, आणि सकाळी त्याच मंडळाच्या ज्येष्ठांनी तरुण पिढी वाया गेली म्हणायचं. त्यावर फार थांबायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करून पुढे जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात चित्रपटाची आधी तपासणी करणं वैध ठरवलं. हलतं चित्र माणसाच्या भावनेला इतर कलांपेक्षा खोल हात घालतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. हे म्हणणं खोटं नाही. आठ वर्षांच्या मुलाने काय बघू नये हे ठरवायला मोठं माणूस लागतंच, आणि वयानुसार प्रमाणपत्र द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मोठ्या माणसाला कायम आठ वर्षांचा समजण्याला. आपल्याकडे बाईच्या, कामगाराच्या, खेड्यातल्या माणसाच्या बाबतीत तेच झालं. त्यांचं वय कधी वाढलंच नाही.

आणि तरीही राईनपाडा आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. तिथे आलेल्या पाच जणांना जमावाने पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत फोनवरून पसरत होते. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे. त्यांतले बहुतेक आमच्या जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. मंगळवेढं म्हणजे दुष्काळात कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांचं गाव, चोखोबांच्या समाधीचं नसलं तरी त्यांच्या शेवटच्या दिवसांचं गाव. तिथून पोट भरायला निघालेली माणसं दुसऱ्या जिल्ह्यात अशी गेली.

त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी मला म्हणाले, “आता काय म्हणाल मॅडम? हातात फोन दिला की हे असं होतंय.” प्रश्न प्रामाणिक होता. त्याला टाळून या विषयावर काही लिहिण्यात अर्थ नाही, कारण इथे मेलेली माणसं खरी आहेत आणि फोनवरून फिरलेला मजकूरही खरा आहे.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पोरं धरणारे आलेत, ही अफवा फोनहून फार जुनी. मी लहान असताना कुठेही पुलाचं काम निघालं की पायात मूल पुरतात म्हणून आम्हाला संध्याकाळी बाहेर सोडत नसत. फोनने तिला वेग दिला, आणि कुठल्या तरी दुसऱ्याच ठिकाणची चित्रफीत जोडून पुरावा असल्याचा भास दिला. हा फरक लहान नाही. वाळलेल्या कडब्यावर ठिणगी पडावी तसं झालं. पण कडबा कुणी रचला होता? फिरणारा माणूस चोर असतो, हे फोनने शिकवलं नाही. ते १८७१ च्या कायद्याने शिकवलं, ज्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्याची खूण सोलापुरात आजही आहे. ज्या भागाला आम्ही सेटलमेंट म्हणतो, रिक्षावाल्याला सांगतो, पत्त्यात लिहितो, ती एके काळी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. आत राहणाऱ्यांची हजेरी व्हायची, बाहेर जायला परवानगी लागायची. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तार गेली. भटक्याकडे बघण्याची नजर इतक्या लवकर जात नाही, आणि कुठल्या जमातीचं नाव त्या यादीत होतं, कुठलीचं नव्हतं, हे बाजारातला जमाव बघत नाही.

म्हणून राईनपाड्यानंतर माझं मत बदललं नाही, पण त्याला एक जोड मिळाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. उशिरा आणली, पण आणली. यात कुणाचा मजकूर कुणी वाचला नाही, कापला नाही, कुणाचं तोंड बंद केलं नाही. फक्त धावण्याला लगाम लागला. यंत्राची घडण बदलणं आणि माणसाला गप्प करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीचा कंटाळा आणि दुसरीची घाई असते. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली, एकीने लिहिला म्हणून आणि दुसरीने पसंती दिली म्हणून. ज्या कलमाखाली ती झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. त्या मुलींच्या लिहिण्याने कुणाचा जीव गेला नव्हता.

या दोन टोकांच्या मध्ये वागायची रीत काही गावांनी शोधली आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गाव टीव्ही, मोबाइल बंद ठेवतं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीत ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला बंदी केली. दोन्ही गावांची तळमळ मुलांसाठीच आहे, त्याविषयी मला शंका नाही. पण मला वडगाव जवळचं वाटतं. तिथे भोंगा वाजला की सरपंचही फोन ठेवतो. जो नियम करणाऱ्यालाही लागू होतो, त्यात भीती असली तरी ती दुसऱ्याविषयीची नसते.

हे सगळं मी आज लिहिते आहे त्याला कारण आमच्या गल्लीतली एक घटना आहे. बारावीतली एक मुलगी. तिने स्टेटसला ठेवलेला साधा फोटो कुणीतरी घेतला, ॲपवर तिचा चेहरा दुसऱ्या उघड्या शरीराला जोडला आणि तो मुलांच्या एका ग्रुपवर फिरवला. दोन दिवसांत गल्लीला कळलं. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत बैठक बसली आणि ठराव मांडला गेला की गल्लीतल्या कुठल्याही मुलीला लग्न होईपर्यंत स्वतःचा फोन द्यायचा नाही. मुलांविषयी ठरावात एक शब्द नव्हता.

खोलीत बायका आम्ही तिघी. मी विचारलं, “तिने काय पाठवलं होतं?”

“तिनं काही नाही पाठवलं आक्का,” आमच्याकडचे जाणते अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या सासऱ्यांबरोबर गिरणीत काम केलं आहे, मी त्यांच्यापुढे आवाज चढवत नाही. “पण पोरीच्या हातात फोन असला म्हणूनच हे झालं की. आपल्याला कळतंय, त्यांना वय नाही कळायचं.”

“ज्याने केलं त्याच्या हातातही फोन होता, अण्णा. तो अजून आहे.”

कुणीच काही बोललं नाही. मग एक जण म्हणाले, “पोरांचं कसं, त्यांना कामाला लागतंय.” माझ्या जाऊबाई एरवी बैठकीत बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, ती पोरगी नीटचे क्लास फोनवरच करायली, क्लासची फी भरायला तिच्या बापाकडे नाही, तिचा फोन काढला तर तिची परीक्षा कोण देणार? त्यांना उत्तर द्यायला कुणाला सुचलं नाही.

अण्णांना मी वाईट म्हणणार नाही. त्या मुलीच्या बापापेक्षा जास्त रात्री ते जागले असतील. आजोबांच्या आवाजातली जी काळजी आजी सांगायची, ती मला अण्णांच्या आवाजात प्रत्यक्ष ऐकू आली, आणि म्हणूनच मला त्या खोलीत जास्त भीती वाटली. दुष्ट माणसाच्या बंदीला विरोध करणं सोपं आहे. मायेने घातलेल्या बंदीत मुलगी अर्धं आयुष्य घालवते आणि तिला कुणावर रागावताही येत नाही. ज्याने तिला उघडं केलं त्याला त्या खोलीत कुणी शोधत नव्हतं. सगळे तिला झाकायच्या मागे होते.

ठराव त्या दिवशी झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील, जाऊबाई आणि मी सायबर पोलीस ठाण्यात गेलो. असं चित्र बनवणं आणि फिरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, हे वडिलांना तिथे जाईपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं गुन्हा आपल्याच घरातून झाला आहे. तक्रारीसाठी त्या ग्रुपवरची चित्रं पुरावा म्हणून लागली. ती मिळाली तीही एका मुलीच्या फोनमधून. तिच्या वर्गमैत्रिणीने ती भावाच्या फोनवर पाहून, वेळ आणि नंबरासकट जपून ठेवली होती. ठराव त्या बैठकीत मंजूर झाला असता तर त्या मैत्रिणीचाही फोन गेला असता.

पुढची बैठक गुढीपाडव्यानंतर आहे. या वेळी मुलींना बोलवायचं, असा आमचा आग्रह आहे. अण्णा अजून हो म्हणालेले नाहीत, पण नाही म्हणणंही त्यांनी सोडलं आहे. मुलींनी वहीत त्यांचे मुद्दे लिहून काढले आहेत. मुलांच्या ग्रुपवर कुणाचाही फोटो फिरला तर ग्रुप चालवणाऱ्याने मंडळापुढे उभं राहायचं, हा एक. फोन बंद ठेवायची वेळ ठरवायची असेल तर ती घरातल्या सगळ्यांना सारखी, हा दुसरा. आणि सगळ्यात वर, लाल शाईने, बैठक सकाळी अकराला न ठेवता रविवारी संध्याकाळी ठेवावी, कारण अकराला त्या कॉलेजात असतात.